ऑपरेशनआधीची सोबत

वडखळ, पेण, रोहा या पट्ट्यात कुणाचे ऑपरेशन ठरले की त्या घराला सहसा एकटे सोडले जात नाही. मूतखडा असो, गर्भाशयाची पिशवी काढायची असो की महामार्गावरच्या अपघातात मोडलेला पाय असो, बातमी कळताच माणसे उभी राहतात. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात न्यायचे की कामोठ्याला, गाडी कुणाची, रात्री उशाशी कोण बसणार, डबा कुठल्या घरून जाणार, हे फारशी चर्चा न होता ठरते. रक्त लागले तर गावातली पोरे वडखळ नाक्यावर मिळेल ते वाहन पकडून निघतात. पण ऑपरेशन नाकाचा आकार बदलण्याचे असेल, पोटावरची चरबी काढण्याचे, टकलावर केस रोवण्याचे किंवा भाजल्याचा जुना व्रण घालवण्याचे असेल, तर हीच माणसे गप्प होतात. काही हसतात, काही नाके मुरडतात, आणि ज्याला ते करून घ्यायचे असते तो ‘मुंबईला जरा काम आहे’ एवढे सांगून एकटा निघतो. इतर प्रत्येक दुखण्यात हक्काने मिळणारी सोबत या एका शस्त्रक्रियेला आपण नाकारतो. ती नाकारू नये, असे मला म्हणायचे आहे. सौंदर्यशस्त्रक्रियेआधी आपल्या माणसांचा धीर मिळणे हा सुरक्षित उपचाराचाच भाग आहे. तो न मिळण्याची किंमत पैशात, मनस्तापात आणि कधी कधी जिवानिशी चुकवावी लागते.

हा विषय आता मोठ्या शहरांपुरता आणि सिनेमातल्या माणसांपुरता राहिलेला नाही. सौंदर्यशस्त्रक्रिया करणाऱ्या प्लास्टिक सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पाहणीनुसार २०२३ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ कोटी ४९ लाख सौंदर्योपचार झाले आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी ५८ लाख प्रत्यक्ष शस्त्रक्रिया होत्या. ही इच्छा धरणारी माणसे आपल्या आसपासचीच असतात. लग्नाची बोलणी सुरू होण्याआधी टक्कल झाकू पाहणारा तरुण, छातीच्या उभारामुळे कबड्डीच्या मैदानात उतरायला लाजणारा मुलगा, स्टोव्हच्या भडक्यात मान भाजलेली बाई, लहानपणी दुभंगलेला ओठ शिवला असला तरी त्यावरची खूण आजही ओढणीने झाकणारी मुलगी, अशी किती तरी. त्यांच्यापर्यंत सर्वांत आधी पोहोचते ती मोबाइलवरची जाहिरात. ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो, आजच नोंदणी केल्यास सवलत, सोपे हप्ते, ‘तुम्हीही आत्मविश्वासाने जगा’ असा दिलासा. रुग्ण ओढण्यासाठी डॉक्टरांनी जाहिरात करू नये, असे भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारनियम सांगतात. तरीही केंद्रांच्या आणि मध्यस्थांच्या नावाने ती सर्रास दिसते. म्हणजे घरच्यांनी धीर दिला नाही म्हणून माणूस धीरावाचून राहत नाही. तो त्याला मिळतोच, पण ज्याला त्याच्या होकारातून पैसा मिळणार आहे, त्याच्याकडून मिळतो. माझा सगळा आग्रह या एका गोष्टीसाठी आहे.

धीराने खरोखर किती फरक पडतो, याची मोजणी झालेली आहे. अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये लॉरेन्स एग्बर्ट हे भूलतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी १९६४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पोटाचे ऑपरेशन होणाऱ्या ९७ रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला नेहमीसारखीच वागणूक दिली. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाजवळ बसून नंतर कुठे दुखेल, किती दिवस दुखेल, दुखणे स्वाभाविक का आहे, कुशीवर कसे वळावे आणि श्वास कसा घ्यावा हे समजावले, आणि ऑपरेशननंतरही त्यांची विचारपूस केली. या दुसऱ्या गटाला वेदनाशामक औषध जवळपास निम्मेच लागले आणि ते सरासरी पावणेतीन दिवस आधी घरी गेले. घरी कधी सोडायचे हे ठरवणाऱ्या सर्जनांना कोण कुठल्या गटातला हे ठाऊकही नव्हते. कुठलेही नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. नीट सांगणे आणि जवळ असणे एवढेच होते. सौंदर्यशस्त्रक्रियेत तर याची गरज अधिक असते, कारण तिथे माणूस निरोगी शरीर घेऊन आत जातो आणि बाहेर येतो तेव्हा काही दिवस आधीपेक्षा वाईट दिसतो. चेहरा सुजतो, डोळ्यांखाली काळेनिळे होते, टाके ओढतात. हे होणार आहे हे आधी शांतपणे समजावणारे कुणी नसेल, तर दुसऱ्याच दिवशी आरशात पाहून तो हादरतो. त्यात घरून ‘मागून घेतलेले दुखणे’ असे ऐकू येत असेल, तर त्याने दुखतेय असे सांगावे तरी कुणाला?

दुसरा पुरावा युद्धकाळातला आहे. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांनी चेहरे उद्ध्वस्त झालेल्या सैनिकांवर सर हॅरल्ड गिलीज यांनी इंग्लंडमधल्या सिडकप इथे उपचार केले. १९१७ मध्ये सुरू झालेले ते रुग्णालय आधुनिक प्लास्टिक सर्जरीचे उगमस्थान मानले जाते. गावातल्या लोकांना सैनिकांचे चेहरे पाहून धक्का बसू नये म्हणून तिथल्या रस्त्यावरचे काही बाक निळे रंगवले होते. त्या बाकांवर बसलेल्यांकडे न बघणे बरे, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या महायुद्धात गिलीज यांचेच नातेवाईक आर्चिबाल्ड मॅकिन्डो यांनी ईस्ट ग्रिनस्टेड इथे याच्या नेमके उलट केले. विमानांच्या आगीत होरपळलेल्या वैमानिकांना त्यांनी रुग्णालयात कोंडून ठेवले नाही. गावकऱ्यांना आधी विश्वासात घेतले, या मुलांना घरी जेवायला बोलवा, त्यांच्याशी नेहमीसारखे बोला, असे सांगितले. वॉर्डात नव्याने आलेल्या जखमीला दहाव्या-पंधराव्या ऑपरेशनपर्यंत पोहोचलेले सोबती रोज दिसत, त्यामुळे पुढे काय वाढून ठेवले आहे आणि त्यातून माणूस बाहेर येतो हे त्याला डोळ्यांनी कळे. १९४१ मध्ये या रुग्णांनीच आपली संघटना काढली आणि युद्ध संपेपर्यंत तिचे ६४९ सदस्य झाले. एकाच विद्येचे हे दोन प्रयोग होते. पहिल्यात सर्जनचे कौशल्य होते. दुसऱ्यात कौशल्याच्या जोडीला गावही होते, आणि ईस्ट ग्रिनस्टेडची आठवण आज निघते ती त्या गावामुळे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. ते जळलेले सैनिक होते, त्यांची गोष्ट वेगळी. धडधाकट माणसाने सुंदर दिसण्यासाठी चाकू लावून घेणे ही निव्वळ हौस आहे, तिला कशाला प्रोत्साहन द्यायचे? या आक्षेपाला उत्तर देणारा माणूस रायगड जिल्ह्यातच काम करून गेला आहे; इथल्या त्या कामाकडे पुढे येतोच. डॉ. नोशीर अंटिया गिलीज यांच्या हाताखाली शिकले, भारतात परतून पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात त्यांनी काम केले आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला. औषधाने कुष्ठरोग बरा होऊ लागला होता, तरी बरे झालेल्यांना गाव परत घेत नव्हते; कारण बसलेले नाक आणि गळलेल्या भुवया रोगाची साक्ष देत राहत. अंटियांनी नाके उभी केली, भुवया लावल्या. भुवई नसल्याने कुणी मरत नाही. ती नसली म्हणून डोळ्यांना नीट दिसत नाही, असेही नाही. त्या अर्थाने ती शस्त्रक्रिया केवळ दिसण्यासाठीच होती. पण तिच्यामुळे माणूस आपल्या घरी जाऊ शकत होता. त्याच्याही आधी, १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये, लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने पुण्यात झालेल्या एका शस्त्रक्रियेचे सचित्र वर्णन छापले होते. इंग्रजी फौजेत बैल हाकणाऱ्या आणि टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या मराठी माणसाला एका देशी वैद्याने कपाळाच्या कातडीचे नाक करून दिले होते. ते वाचून युरोपातले सर्जन ही कला शिकले. कावसजीने हौस केली, असे कुणी म्हणणार नाही.

म्हणजे दिसण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया हौसेची की गरजेची, हे तिच्या नावावरून ठरत नाही. ज्याला ते शरीर घेऊन रोज जगायचे आहे, त्याच्या आयुष्यात तिचे काय स्थान आहे, यावरून ते ठरते. आणि ते ठरवण्याइतकी माहिती नाक्यावर उभ्या असलेल्या चार जणांकडे नसते. शिवाय शरीराला हा भेद कळत नाही. भूल द्यायची ती तशीच, रक्तस्राव आणि जंतुसंसर्गाची भीती तीच, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही तोच. हेतू आपल्याला पटला नाही म्हणून धोका कमी होत नाही. मग सोबत तरी का कमी व्हावी? तरीही आक्षेपातला एक भाग मला पूर्ण मान्य आहे. गोरेपणाचा हट्ट, लग्नाच्या बाजारातली मोजमापे, पडद्यावरचे तेच ते चेहरे यांनी निरोगी माणसांच्या मनात आपल्याच शरीराविषयी नावड पेरली आहे, आणि त्या नावडीवर मोठा धंदा उभा आहे. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात कुणीतरी सहज टाकलेला शब्द एखादीला वर्षानुवर्षे टोचत राहतो. पण या दबावाला उत्तर काय द्यायचे? ज्याच्यावर तो पडतो त्याचीच टर उडवली, तर तो दबाव दुप्पट होतो: आधी शरीराची लाज, मग ती लाज वाटल्याची लाज. बाजार या दुसऱ्या लाजेवरच पोसला जातो. जाहिरातीतली ‘संपूर्ण गोपनीयता’ आणि ‘सकाळी या, संध्याकाळी घरी जा’ ही वाक्ये तिच्यासाठीच लिहिलेली असतात.

गुप्ततेतून काय घडू शकते, याची उदाहरणे जुनी नाहीत. मे २०२२ मध्ये बंगळुरूमध्ये चेतना राज ही २१ वर्षांची कन्नड अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मरण पावली. ती मैत्रिणींबरोबर गेली होती. आपल्याला याची कल्पना नव्हती, असे तिच्या आई-वडिलांनी सांगितल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. मार्च २०१९ मध्ये मुंबईत ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाचा केसरोपणानंतर मृत्यू झाला. एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक केस रोवल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. घरचे सोबत असते तर ही माणसे नक्की वाचली असती, असा दावा मी करत नाही. वैद्यकीय गुंतागुंत कधी कधी उत्तम तयारीलाही जुमानत नाही. पण अशा घटनांतून जे प्रश्न उभे राहतात ते विचारायला आधी कुणीतरी बरोबर असावे लागते. हे डॉक्टर प्लास्टिक सर्जन आहेत का? भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर असतील का? काही बिघडले तर अतिदक्षता विभाग इथेच आहे की दुसरीकडे न्यावे लागेल? एवढे सगळे एकाच दिवशी करणे गरजेचे आहे का? राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या आचारविषयक मंडळाने २०२२ मध्ये केसरोपणाबाबत सूचना काढल्या. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून घेतलेले प्रशिक्षण पुरेसे नाही, हे त्यांत स्पष्ट लिहावे लागले. देशाच्या सर्वोच्च वैद्यकीय संस्थेला असे लिहून ठेवण्याची वेळ आली, यावरून रुग्णाने किती सावध राहायला हवे ते समजावे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो प्रामुख्याने बायकांच्या बाजूने येतो. आपल्या घरांत सोबत म्हणजे ताबा होतो, असे त्या म्हणतात. एकदा घरी सांगितले की निर्णय आपला राहत नाही. सासू, दीर, मामा सगळे बोलतात, आणि एक तर ऑपरेशन बंद पाडतात, नाही तर लग्न जमावे म्हणून नको असताना करायला लावतात. ही भीती खरी आहे आणि तिचे उत्तर कायद्यात स्पष्ट आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी निकाल दिला. तपासणीसाठी भूल दिलेल्या प्रौढ महिलेच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी तिच्यावर मोठी शस्त्रक्रिया केली होती. शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत असताना आईची संमती ग्राह्य धरता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. उपचाराचे स्वरूप, त्याचा हेतू, फायदे, दुसरे पर्याय, मोठे धोके आणि उपचार न घेतल्यास होणारे परिणाम हे सारे समजून दिलेली संमतीच खरी, हेही त्याच निकालाने बजावले. जन्मदात्या आईची सहीसुद्धा प्रौढ मुलीच्या होकाराची जागा घेऊ शकत नसेल, तर काकाचा नकार किंवा वरपक्षाची इच्छा ती कशी घेणार? म्हणून सोबतीचा पहिला नियम असा, की ती कुणाची हवी हे ज्याचे शरीर आहे तो ठरवील. आई नको असेल तर मावशी, नवरा नको असेल तर बालमैत्रीण. सोबत्याच्या हाती प्रश्न विचारण्याचा अधिकार असावा. नकाराधिकार मात्र कुणाच्याही हाती नसावा. आणि लग्नासाठी म्हणून घरातून ढकलले जात असेल, तर सोबत्याने ढकलणाऱ्यांना थांबवण्याचे काम करावे.

तिसरा आक्षेप खासगीपणाचा. मी माझ्या शरीराचे काय करतो ते इतरांना कशाला सांगू? गाव लहान आहे, सकाळी एकाच्या कानावर घातले तर संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीत होते. हेही बरोबर आहे, आणि कुणालाही काहीही सांगण्याची सक्ती होऊ नये. पण एका विश्वासू माणसाला सांगणे आणि दवंडी पिटणे यांत पुष्कळ अंतर आहे. खासगीपणा जपायचा तर ज्याला कळले त्यानेच तोंड बंद ठेवायला हवे. हे ओझे शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याच्या एकट्याच्या डोक्यावर टाकता येत नाही. दुसऱ्याची गोष्ट पोटात ठेवणे ही आपल्या समाजात फार थोड्यांना जमणारी, पण शिकता येण्याजोगी गोष्ट आहे. ‘तिने काय करून घेतलंय माहीत आहे का’ या वाक्याने सुरू होणारी प्रत्येक चर्चा पुढच्या दहा माणसांना एकट्याने जायला भाग पाडते, हे लक्षात ठेवले तरी बरेच साधेल.

मग सोबत म्हणजे नेमके काय? इथे एक गल्लत टाळायला हवी. धीर देणे म्हणजे होकार भरणे नाही. ‘कर बिनधास्त, छान दिसशील’ असे उत्साहाने म्हणणारी मैत्रीण आणि ‘हे नसते खूळ आहे’ असे म्हणणारा भाऊ, दोघेही एकाच गोष्टीत कमी पडतात: दोघांनीही त्या माणसाचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकलेले नसते. केव्हापासून वाटते, कशामुळे वाटते, ऑपरेशननंतर आयुष्यात काय बदलेल अशी आशा आहे, हे विचारणारा माणूस खरा सोबती. कारण काही वेळा उत्तरातूनच थांबण्याची खूण मिळते. नाक बदलले की नवरा परत येईल, केस आले की नोकरी लागेल, असे उत्तर असेल, तर शस्त्रक्रिया कितीही चांगली झाली तरी निराशा ठरलेली आहे. काही जणांना तर इतरांना न दिसणाऱ्या किंवा अगदी क्षुल्लक दोषाने दिवसाचे तासन् तास ग्रासलेले असते. हा एक मान्यताप्राप्त मानसिक आजार आहे. सर्वसाधारण लोकांत त्याचे प्रमाण साधारण दोन टक्क्यांच्या आसपास धरले जाते आणि सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांत ते बरेच जास्त आढळते. अशा रुग्णाला शस्त्रक्रियेने क्वचितच समाधान मिळते. त्याला मानसोपचाराचा उपयोग होतो. ही खूण सर्वांत आधी दिसते ती त्याच घरात राहणाऱ्याला. १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’ ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा फोनवर विनामूल्य मिळते, आणि पहिला फोन लावून देणे हीसुद्धा सोबतच आहे.

थांबून विचार करायला वेळ मिळावा, याची सोय इतर देशांनी नियमांतच केली आहे. इंग्लंडमधल्या सर्जनांच्या रॉयल कॉलेजने २०१६ च्या व्यावसायिक निकषांत पहिली भेट आणि शस्त्रक्रियेची संमती यांच्यामध्ये किमान दोन आठवड्यांचे अंतर सांगितले. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून सौंदर्यशस्त्रक्रियेआधी नेहमीच्या डॉक्टरची चिठ्ठी, मानसिक स्थितीची चाचपणी आणि संमतीनंतर किमान सात दिवसांचा थांबा आवश्यक झाला. अठरा वर्षांखालच्यांसाठी तो तीन महिन्यांचा आहे. असा थांबा आपल्याकडेही सक्तीचा व्हावा आणि त्या काळात घेतलेली आगाऊ रक्कम मागितल्यास परत द्यावी लागावी, अशी माझी मागणी आहे. काही जण म्हणतील की रुग्णाला असे थांबून विचार करायला लावणे हे डॉक्टरांचे काम, नातेवाइकांचे नाही. चांगला प्लास्टिक सर्जन हे करतोच, कित्येकदा रुग्णाला परत पाठवतो. पण ज्याच्या उत्पन्नाचा प्रश्न आहे, त्याच्याकडून मिळालेला सल्ला एकदा तिऱ्हाइताच्या कानांनी ऐकणे कधीही शहाणपणाचे. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ मधल्या सुधारित नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. घाबरलेला रुग्ण ती वाचत नाही. बरोबर आलेल्याने ती वाचावी, आणि हवी तर मोबाइलवर तिचा फोटो घ्यावा.

वडखळसारख्या ठिकाणी या सोबतीला आणखी एक व्यवहारी बाजू आहे. इथल्या माणसाला अशा शस्त्रक्रियेसाठी साधारणपणे पनवेल, नवी मुंबई किंवा मुंबई गाठावी लागते. जाणे सोपे असते; प्रश्न परतीचा असतो. भूल उतरलेल्या, टाके घातलेल्या, पोटाला घट्ट पट्टा बांधलेल्या माणसाने एकट्याने एस.टी.त बसून महामार्गाच्या कोंडीत तासन् तास अडकायचे का? चरबी काढल्यानंतर बराच वेळ पाय लोंबकळत बसून राहणे धोक्याचे असते. पहिल्या रात्री ताप चढला, जखम फुगली, धाप लागली, तर ते ओळखणारे आणि सर्जनला फोन करणारे घरात कुणी आहे का? पुन्हा ड्रेसिंगला न्यायचे कुणी, तोवर मुलांचा डबा, गुरांचे पाणी, दुकानाची चावी कुणाकडे? या गोष्टी शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी ठरल्या पाहिजेत, आणि त्या ठरवायच्या तर निदान दोन माणसांना खरे कारण ठाऊक असावे लागते. सोबत्याने पहिल्या भेटीला बरोबर जावे, प्रश्न कागदावर लिहून न्यावेत, डॉक्टरांची प्लास्टिक सर्जरीतली पदवी विचारावी, दुरुस्तीचे दुसरे ऑपरेशन करावे लागले तर खर्च कुणाचा हेही लिहून घ्यावे. तंबाखू आणि बिडी-सिगारेटमुळे जखम भरायला वेळ लागतो. ती आधीचे काही आठवडे सोडायला मदत करावी. एवढे केले तरी एका घराने शेकडो रुपयांच्या औषधांनी होणार नाही इतके काम केलेले असेल.

सरकारी यंत्रणेलाही यात जागा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर इथे झाली. दुभंगलेले ओठ आणि टाळू असलेली मुले शोधून त्यांना शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचवणे हा त्याचा एक भाग आहे. पण अशा मुलाच्या आईने ग्रहणात काही चिरले म्हणून असे झाले, हे बोल तिला आजही ऐकावे लागतात. ग्रहणाचा आणि ओठाचा काहीही संबंध नाही, हे तिला आणि तिच्या सासूला समोर बसवून सांगणारी आशा ताई शस्त्रक्रियेइतकेच मोलाचे काम करते. २०१२ मध्ये राज्याची जीवनदायी योजना पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता; आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ती चालते आणि तिच्या रुग्णालयांत कागदपत्रांसाठी आरोग्यमित्र बसतात. भाजल्याच्या व्रणांसाठी, जन्मजात व्यंगांसाठी येणाऱ्यांना आधी तशाच शस्त्रक्रियेतून गेलेल्या, स्वखुशीने पुढे आलेल्या माणसाशी बोलता येईल, अशी व्यवस्था या आरोग्यमित्रांमार्फत करता येईल. ईस्ट ग्रिनस्टेडच्या वॉर्डात जे आपोआप घडत होते ते इथे ठरवून घडवावे लागेल. हे रायगडला नवखे नाही. वडखळवरून अलिबागकडे फुटणारा रस्ता पुढे ज्या मांडव्याला जातो, तिथेच १९७० च्या दशकात अंटियांनी फारशा न शिकलेल्या गावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले होते. आरोग्याचे पुष्कळसे काम डॉक्टरांच्या खोलीबाहेर, ओळखीच्या माणसांच्या हातून होते, हा निष्कर्ष एका निष्णात प्लास्टिक सर्जनने आपल्याच जिल्ह्यात काढलेला आहे.

ज्यांना सौंदर्यशस्त्रक्रिया मुळातच पटत नाही, त्यांनाही मी हेच सांगेन. तुमचे मत बदलू नका. ते त्या माणसाला प्रेमाने, एकदा, समोरासमोर सांगा. त्याने ऐकून तरीही करायचे ठरवले, तर पनवेलला त्याच्याबरोबर जा. तुमचा विरोध त्याच्या कानावर सोबत्याच्या तोंडून पडला, तर तो त्यावर विचार करील. टिंगल करणाऱ्याच्या तोंडून पडला, तर विचार न करता पैसे भरून मोकळा होईल. शंका घेणारा, प्रश्न विचारणारा आणि तरीही हात न सोडणारा माणूस जवळ असला की निम्मी चुकीची ऑपरेशने टळतील आणि बाकीची नीट पार पडतील, असा माझा विश्वास आहे. आजारी माणसासाठी हे सारे आपण पूर्वापार करत आलो आहोत. ज्याचे दुखणे आपल्याला दिसत नाही किंवा पटत नाही, त्याच्यासाठीही ते करायला लागणे, एवढेच आता उरले आहे.